घरातील खलत्वाचा चेहरा : ललिता पवार यांच्या अभिनयाचे पुनर्मूल्यांकन

हिंदी चित्रपटातील खलपात्रांचा विचार सुरू झाला की अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर प्रथम पुरुष उभे राहतात. भुवई किंचित उंचावून बोलणारे के. एन. सिंह, धूर्त जीवन, 'मदर इंडिया'तील सावकार साकारणारे कन्हैयालाल, वेशभूषा आणि लकबी बदलत राहणारे प्राण आणि १९७५ नंतरचे अमजद खान अशी ही परंपरा सांगितली जाते. खलनायिकेचा उल्लेख झाला तर तो बहुधा नाचघरातील, मद्यालयातील, हाती सिगारेट असलेल्या स्त्रीपुरता मर्यादित राहतो. या दोन्ही यादींत न बसणारे आणि तरीही भारतीय प्रेक्षकाला अधिक जवळून ओळखीचे असलेले एक खलत्व आहे. ते अड्ड्यावर राहत नाही, माजघरात राहते. त्याच्या हाती पिस्तूल नसते, कोठीच्या किल्ल्या असतात. हे खलत्व हिंदी पडद्यावर ज्यांनी घडविले त्या ललिता पवार होत. त्यांच्या वाट्याला लोकप्रियता आली, लोकांचा रागही आला. परंतु त्यांच्या अभिनयाची चिकित्सा मात्र अभावानेच झाली. 'खाष्ट सासू' हे दोन शब्द उच्चारले की त्यांच्याविषयीचे बोलणे संपते. प्रस्तुत लेखात या दोन शब्दांच्या पलीकडे जाऊन त्यांच्या निवडक भूमिकांचा विचार करावयाचा आहे.

ललिता पवार यांचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवला येथे झाला. पैठणी आणि रेशमी वस्त्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावातील अंबा सगुण ही मुलगी १९२८ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटातून पडद्यावर आली. त्या वेळी तिचे वय अवघे बारा वर्षांचे होते. पुढे नायिका म्हणून त्यांचा जम बसला. १९३२ च्या 'कैलास' या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा सहभाग होता, तर टॉलस्टॉयच्या 'रिसरेक्शन' या कादंबरीवर आधारलेल्या 'दुनिया क्या है' (१९३८) या बोलपटाची निर्मितीही त्यांनी केली. विशी-बाविशीतील एक मराठी अभिनेत्री रशियन कादंबरी चित्रपटासाठी निवडते, ही बाब चित्रपट-इतिहासात जेवढी नोंदविली जावी तेवढी नोंदविली गेलेली नाही. या काळातील अनुभवाचे आणखी एक महत्त्व आहे. मूकपटात संवाद नसतो. मधल्या पाट्यांचा आधार तुटपुंजा असतो. जे सांगावयाचे ते डोळे, मान, हात आणि चाल यांनीच सांगावे लागते. ललिता पवार यांची पुढील काळातील शैली या शाळेत तयार झाली होती, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्या खलभूमिकांचे मर्म उलगडत नाही.

मात्र सांगितली जाते ती दुसरीच कथा. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात सहकलाकार भगवान यांनी प्रसंगानुसार मारलेली थप्पड जोराने बसली. त्यातून चेहऱ्याच्या अर्ध्या भागाला पक्षाघात झाला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेच्या भूमिका संपल्या आणि खलनायिकेचा जन्म झाला, असा या कथेचा शेवट केला जातो. घटना खरी आहे. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र फार सोपा आहे. तीन वर्षे उपचारांत गेली असे सांगितले जाते. पण प्रभातचा 'रामशास्त्री' १९४४ मध्येच प्रदर्शित झाला आणि त्यात आनंदीबाईची भूमिका ललिता पवार यांची होती. म्हणजे कथेचे गणितच नीट जुळत नाही. त्याहून महत्त्वाचे असे की अधू डोळ्यामुळे कोणी अभिनेत्री होत नाही. तसे असते तर अपघातग्रस्त प्रत्येक नट थोर खलनायक झाला असता. अपघाताने त्यांना एक शारीर मर्यादा दिली. त्या मर्यादेचे अभिनयाच्या साधनात रूपांतर करणे हे त्यांचे स्वतःचे कर्तृत्व होय. ते थपडेच्या खात्यावर जमा करणे हा त्यांच्यावरील दुसरा अन्याय म्हणावा लागेल.

भरताच्या नाट्यशास्त्रात छत्तीस दृष्टींचे वर्णन आहे. रसांच्या, स्थायी भावांच्या आणि संचारी भावांच्या दृष्टी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. शास्त्रकाराने दोन्ही डोळे एकत्र हलतील असे गृहीत धरले आहे. ललिता पवार यांच्या बाबतीत हे गृहीतक मोडते. त्यांचा उजवा डोळा पूर्ण उघडतो, डावा आकुंचित राहतो. परिणामी एकाच चेहऱ्यावर एकाच क्षणी दोन भाव दिसतात. उजवा डोळा समोरच्याशी बोलत असतो आणि डावा जणू हिशेब करीत असतो. खलभूमिकेत हा हिशेब सुनेच्या माहेरच्या देण्याघेण्याचा वाटतो. वत्सल भूमिकेत तोच डोळा मिस्कीलपणे मिचकावल्यासारखा वाटतो. डोळा तोच, अर्थ बदलतो तो मानेच्या कोनामुळे, ओठांच्या ठेवणीमुळे आणि विशेषतः संवादापूर्वीच्या क्षणभराच्या विरामामुळे. हा विराम हे त्यांचे खरे हत्यार आहे. प्राण किंवा के. एन. सिंह धमकी देतात तेव्हा शब्द आधी येतात आणि दहशत नंतर. ललिता पवार यांच्या बाबतीत दहशत आधी येते. शब्द हे नंतरचे सोपस्कार असतात.

'रामशास्त्री'तील आनंदीबाई ही भूमिका मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने विशेष होती. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि 'ध'चा 'मा' करणारी स्त्री म्हणून आनंदीबाईचे नाव लोकस्मृतीत कायमचे कोरले गेले. वाक्प्रचार होण्याइतकी ही आख्यायिका रुजली. गजानन जागीरदार यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि स्वतः रामशास्त्रींची भूमिका केलेल्या या चित्रपटात न्याय पुरुषाच्या मुखाने बोलतो आणि कपट स्त्रीच्या हाताने लिहिते. राघोबादादांची सत्ताकांक्षा ही राजकीय गोष्ट ठरते. आनंदीबाईची मात्र स्वभावदोषाची. पुढे ललिता पवार यांच्या वाट्याला आलेल्या कितीतरी भूमिकांचा साचा येथे तयार झालेला दिसतो: लाभ पुरुषाचा, निर्णयही अंतिमतः पुरुषाचा, परंतु पापाचा चेहरा स्त्रीचा.

हा साचा सर्वांत ठळकपणे दिसतो तो व्ही. शांताराम यांच्या 'दहेज' (१९५०) या चित्रपटात. हुंड्यापायी होणाऱ्या छळावर थेट बोट ठेवणारा हा चित्रपट हुंडा प्रतिबंधक कायदा होण्याच्या अकरा वर्षे आधी आला, ही त्याची सामाजिक थोरवी मान्य केलीच पाहिजे. जयश्री यांनी साकारलेली सून, पृथ्वीराज कपूर यांनी साकारलेला तिचा स्वाभिमानी पिता आणि ललिता पवार यांची सासू या तीन टोकांत चित्रपटाचा सारा ताण सामावलेला आहे. मुलीच्या सुखासाठी सर्वस्व विकून बाप हुंड्याचे सामान घेऊन येतो, तेव्हा मरणासन्न मुलगी त्याला सांगते की एक वस्तू आणावयाची राहिली, ती म्हणजे कफन. शेवटचा हा प्रसंग परिणामकारक आहे यात शंका नाही. परंतु त्या परिणामाची तयारी कोणी केली? चित्रपटभर सासूने निर्माण केलेल्या घुसमटीशिवाय तो शेवट केवळ भाबडा ठरला असता. येथे ललिता पवार आरडाओरड करतात, हे खरे. पण भय वाटते ते त्या शांत असताना. वस्तू न्याहाळण्याची त्यांची एक पद्धत आहे. माणसाकडे पाहतानाही त्या वस्तू न्याहाळल्यासारखेच पाहतात. हुंडा म्हणजे माणसाची वस्तू करणे, हा चित्रपटाचा आशय भाषणांपेक्षा त्यांच्या या नजरेतून अधिक स्पष्ट होतो.

तरीही 'दहेज'ची मर्यादा सांगावी लागते. घरातील पुरुष येथे सौम्य आणि दुबळे आहेत. मुलगा आईपुढे बोलत नाही, सासरा बायकोपुढे बोलत नाही. त्यामुळे हुंडा ही पुरुषप्रधान व्यवस्थेची गरज न राहता एका कजाग बाईची हाव ठरते. प्रेक्षकातील पुरुष सुनेसाठी अश्रू ढाळू शकतो आणि स्वतःच्या लग्नात घेतलेल्या हुंड्याचा विचार न करता घरी जाऊ शकतो. १८८२ मध्ये विदर्भातीलच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' या निबंधात विचारलेला प्रश्न हाच होता: जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नसतात काय? हिंदी चित्रपटाने हा प्रश्न दीर्घकाळ टाळला आणि टाळण्यासाठी त्याला ज्या चेहऱ्याची गरज होती तो ललिता पवार यांचा होता. कायद्याची भाषा याहून वेगळी आहे, हे येथे नोंदविले पाहिजे. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत आलेले कलम ४९८-अ (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८५) छळ करणारा म्हणून आधी पतीचे नाव घेते आणि मग त्याच्या नातेवाइकांचे. चित्रपटाने हा क्रम उलटा केला.

लोकपरंपरेतही सासू अशीच आहे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो अर्धाच खरा आहे. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत म्हटल्या जाणाऱ्या भुलाबाईच्या गाण्यांत सुनेला माहेरी जाऊ न देणारी, एकामागून एक सबबी सांगणारी सासू भेटते. पण ही गाणी मुली आणि सुनाच म्हणतात, खेळातल्या थट्टेने म्हणतात, आणि त्यांत सासऱ्या-दिरांचीही सुटका नसते. शिवाय आज गाणारी सून उद्याची सासू आहे, हे त्या फेरातील प्रत्येकीला ठाऊक असते. चित्रपटातील सासूला हा भूतकाळ नसतो. ती कधी सून होती, हे पटकथा विसरते. कन्हानसारख्या गावी, जेथे कोळसा खाणींमुळे अनेक भाषिक प्रांतांतील कुटुंबे शेजारी शेजारी राहिली, तेथे हिंदी चित्रपट ही सर्वांची समान भाषा होती, भुलाबाई काहींचीच. समान भाषेतील सासू ही अशी भूतकाळ नसलेली असावी, याचा समाजमनावर काहीच परिणाम झाला नसेल असे म्हणणे धाडसाचे होईल. अभिनेत्रीची थोरवी अशी की पटकथेने न दिलेला भूतकाळ ती अनेकदा आपल्या देहबोलीतून सुचविते. पदर सारखा करण्याची, गादीवर बसताना क्षणभर आजूबाजूला पाहून घेण्याची त्यांची रीत पाहिली की या स्त्रीला ही जागा सहज मिळालेली नाही आणि ती गमावण्याची तिला भीती आहे, असे जाणवत राहते.

गुरुदत्त यांच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५' (१९५५) मधील सीतादेवी ही भूमिका विचारदृष्ट्या अधिक अडचणीची आहे. हिंदू विवाह कायदा झाला त्याच वर्षी हा चित्रपट आला. मधुबाला यांनी साकारलेल्या अनिताची ही आत्या स्त्रियांच्या हक्कांसाठी व घटस्फोटाच्या कायद्यासाठी लढणारी आहे. आणि चित्रपट तिला हास्यास्पद, पुरुषद्वेष्टी व कारस्थानी ठरवितो. तिच्या विरोधात घरसंसारात रमलेली नायकाची वहिनी आदर्श म्हणून उभी केली जाते. गुरुदत्त यांच्या प्रतिभेविषयी पूर्ण आदर बाळगूनही हा चित्रपट वैचारिकदृष्ट्या प्रतिगामी आहे, असेच म्हणावे लागते. ललिता पवार यांनी मात्र सीतादेवीला विदूषकी होऊ दिलेले नाही. त्या सरळ पाठीने बसतात, थेट प्रश्न विचारतात, नायकाच्या विनोदावर हसत नाहीत. नायक कम्युनिस्ट आहे काय, असे त्या विचारतात आणि तो आपण व्यंगचित्रकार असल्याचे सांगतो, त्या प्रसिद्ध प्रसंगात हशा नायकाला मिळतो. अधिकार मात्र सीतादेवीकडेच राहतो. आज हा चित्रपट पाहणाऱ्या विद्यार्थिनीला सीतादेवीचे म्हणणे पटण्याची शक्यता दिग्दर्शकाने कल्पिली नसेल. ती शक्यता अभिनेत्रीने शिल्लक ठेवली आहे.

त्याच वर्षी राज कपूर यांच्या 'श्री ४२०' मध्ये त्या केळी विकणाऱ्या गंगा माईच्या भूमिकेत दिसल्या. पदपथावर राहणाऱ्या गरिबांना शंभर रुपयांत घर देण्याच्या फसव्या योजनेत जे भरडले जाणार, त्यांपैकी ही एक. येथे त्यांचा आवाज मोकळा आणि चाल सैल आहे. पण गंगा माईचे रागावणे आणि 'दहेज'मधील सासूचे रागावणे यांत तंत्राचा फरक फारसा नाही. तीच मान, तोच विराम. फरक आहे तो विरामानंतर चेहरा कोठे वळतो याचा. सासू वळते ती आपल्या ऐवजाकडे. गंगा माई वळते ती उपाशी मुलाकडे.

हृषिकेश मुखर्जी यांच्या 'अनाडी'तील (१९५९) मिसेस डी'सा ही या दिशेची परिणती होय. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. बेकार चित्रकार राजला खोली देणारी ही ख्रिस्ती घरमालकीण सारखी भाड्यावरून खेकसते, आणि त्या खेकसण्याआड आपली माया लपवू पाहते. येथे प्रेक्षकाच्या पूर्वज्ञानाचा दिग्दर्शकाने कुशल उपयोग करून घेतला आहे. ललिता पवार दारात उभ्या राहिल्या की आता छळ होणार, अशी अपेक्षा तोवर पक्की झालेली होती. ती अपेक्षा प्रत्येक वेळी थोडी थोडी मोडत जाते आणि त्यातून हास्य आणि करुण दोन्ही निर्माण होतात. सदोष औषधाने तिचा मृत्यू होतो आणि आळ राजवर येतो. औषध कंपनीच्या मालकाची भूमिका मोतीलाल यांनी केली आहे. सुसंस्कृत, हसऱ्या चेहऱ्याचा धनिक मृत्यूला कारण होतो आणि 'खलनायिके'चा चेहरा असलेली स्त्री त्याचा बळी ठरते, ही उलटापालट चित्रपटाचे खरे बळ आहे. पुढे 'आनंद'मध्ये (१९७१) याच दिग्दर्शकाने त्यांना रुग्णालयातील मेट्रनची भूमिका दिली आणि आडनावही डी'साच ठेवले. तो योगायोग नसावा.

१९५९ मधीलच बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त त्यांनी जातीचा विटाळ मानणारी कर्मठ वृद्धा उभी केली. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा तीनच वर्षे झाली होती आणि चित्रपटातही बुद्धकथेचा आधार घेतला आहे. या वृद्धेचे वैशिष्ट्य असे की ती दुष्ट नाही. ती धर्म पाळत आहे, असे तिला मनापासून वाटते. अस्पृश्यता ही बहुधा द्वेषाने नव्हे तर सोवळ्याच्या सहज सवयीने चालते, हे भाष्य संवादांतून जेवढे होते त्याहून अधिक या भूमिकेच्या शांतपणातून होते. भूमिका लहान असल्याने तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

१९६१ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी 'जंगली'मध्ये त्या हसण्यावर बंदी घालणाऱ्या करड्या आईच्या रूपात दिसल्या. या भूमिकेचा विनोद ठीक आहे. परंतु तिची खरी पूर्तता पुढील वर्षीच्या लेख टंडन दिग्दर्शित 'प्रोफेसर'मध्ये होते. दार्जिलिंगच्या घरातील करारी पालक सीतादेवी वृद्धाचे सोंग घेतलेल्या तरुण शिक्षकाच्या प्रेमात पडते. आरशासमोर उभी राहते, नटू लागते, लाजते. शम्मी कपूर यांच्या धांगडधिंग्यात प्रेक्षक हसत असतो आणि हसता हसता त्याला किंचित अपराधी वाटू लागते. कारण या स्त्रीची फसवणूक होत आहे हे त्याला ठाऊक असते, तिला नाही. ज्या चेहऱ्याला हिंदी चित्रपटाने प्रेमासाठी अपात्र ठरविले होते, त्या चेहऱ्याने येथे प्रेमाचा अभिनय केला. आणि तो हास्यापुरता केला नाही. लाजताना त्या मान खाली घालतात ती अगदी मूकपटातील नायिकेसारखी. ही त्यांची सर्वोत्तम भूमिका होय असे म्हणावेसे वाटते, जरी पारितोषिकांचा आणि लोकप्रियतेचा कौल वेगळा असला तरी.

सत्तरीच्या दशकापासून मात्र पुनरावृत्ती वाढली. 'सौ दिन सास के' (१९८०) हे शीर्षकच सांगते की आता चित्रपटाला व्यक्ती नको होती, नमुना हवा होता. त्यात भवानीदेवीच्या रूपाने त्यांनी पूर्वी कमावलेलेच खर्च केले. सुमारे सात दशकांच्या आणि शेकडो चित्रपटांच्या कारकिर्दीत असे होणे अटळ असते. दोष द्यावयाचाच तर तो अशा भूमिका पुन्हा पुन्हा लिहिणाऱ्यांना द्यावा. येथे एक गोष्ट सहज नोंदवावीशी वाटते. हिंदी पडद्याची सोशिक, वत्सल आई घडविण्यात दुर्गा खोटे, लीला चिटणीस, सुलोचना या मराठी अभिनेत्रींचा वाटा मोठा आहे, आणि तिची प्रतिमा असलेली जुलमी सासूही एका मराठी अभिनेत्रीनेच घडविली. मराठी समीक्षेने पहिल्या तिघींचे कौतुक जितक्या आपुलकीने केले तितक्या आपुलकीने चौथीचे केले नाही.

मंथरा त्यांनी दोनदा केली: बाबूभाई मिस्त्री यांच्या 'संपूर्ण रामायण'मध्ये (१९६१) आणि रामानंद सागर यांच्या दूरदर्शनवरील 'रामायण' मालिकेत (१९८७-८८). मंथरा ही दासी आहे. तिला स्वतःला काहीच मिळणार नाही. राज्य भरताला, मान कैकेयीला. दशरथाने दिलेले वर दशरथाचेच, मागणे कैकेयीचे, तरी सारा दोष कुबड्या दासीच्या पाठीवर. दुसऱ्यांदा ही भूमिका करताना ललिता पवार सत्तरी ओलांडलेल्या होत्या. कैकेयीच्या महालात त्या जेव्हा बोलू लागतात तेव्हा आवाजात कारस्थानापेक्षा काळजी अधिक आहे. आपण वाढविलेल्या मुलीचे स्थान डळमळले आहे, हे या वृद्धेला खरोखरच वाटते आणि म्हणूनच कैकेयी फसते. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ती मालिका पुन्हा दाखविली, तेव्हा त्यांच्या हयातीत न जन्मलेल्या मुलांनीही तो बारीक झालेला डावा डोळा पाहिला आणि त्यांच्या आज्यांनी 'ही बघ मंथरा' म्हणून बोट दाखविले. नाव विचारल्यावर 'ललिता पवार' असे उत्तर देणाऱ्याही घरोघरी पुष्कळ निघाल्या असतील.